ह्यांची बंडी

"नवी नवरी हाय ती, तिला कशाची आलीय थंडी?"

हे वाक्य मला उद्देशून नव्हतंच मुळी, माझ्याविषयी होतं. आणि तुम्हाला सांगते, स्वतःविषयीचं वाक्य दाराआड उभं राहून ऐकायचं, तेही डोक्यावर भरलेली घागर आणि पायाखाली पौषातली शहाबादी फरशी असताना, म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. हलता येत नाही, कारण हललं की घागर हिंदकळते आणि आत समजतं की सूनबाई आलीय. उभंही राहवत नाही, कारण फरशी तळपायातून वर चढत चढत गुडघ्याला पोचलेली. आत बोलत होत्या माझ्या सासूबाई, आवडाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. आणि ऐकत होती शेजारची जैतुनबी, आमच्या गल्लीभरच्या रजया आणि कापसाच्या बंड्या तीच शिवते. त्या बिचारीनं एवढंच विचारलं होतं, "सबकी बंडी हो गई आवडाबाई, बहू के वास्ते नक्को क्या?" त्यावर हे उत्तर. आणि मग दोघी हसल्या. कशा हसल्या ते मी सांगणार नाही. तुमचं लग्न झालं असेल तर कळलं, नसेल झालं तर कळायची घाई नाही.

मी आत गेले, घागर उतरवली, पदर सारखा केला आणि काही बोलले नाही.

कारण बोलणार काय? वाजत होती हो थंडी. बेगमपुऱ्याला डोंगरावरून जे वारं उतरतं ना, ते दार लावलं तरी खिडकीतून, खिडकी लावली तरी कौलांतून, आणि कौलं शाकारली तर कुठून ते त्यालाच ठाऊक, पण येतंच. दात असे वाजायचे की भांडी घासताना मला वाटायचं भांडीच वाजतायत. पण 'वाजते' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. नव्या नवरीला थंडी वाजत नसते, हिला वाजते, मग आमचा बद्री करतो काय? बद्री म्हणजे बद्रीनाथ, म्हणजे हे. करोडगिरीत, जकातीच्या कचेरीत कारकून आहेत, शेरवानीची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून खाली मान घालून जातात आणि तसेच परत येतात. त्यांची अब्रू अशी माझ्या दातांवर येऊन टांगलेली. मग दातांवर दात दाबून धरायचे, दुसरं काय?

आता तुम्ही म्हणाल, सासू खाष्ट. नाही हो, तीच तर पंचाईत. खाष्ट असत्या तर मी मनातल्या मनात चार शिव्या देऊन तेवढीच ऊब घेतली असती. आत्याबाई माझा मान ठेवत होत्या. आमच्याकडं रीत अशी, की नव्या नवरीनं पहिलं वर्षभर कुणाचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही. माझं लग्न ज्येष्ठातलं, म्हणजे अजून पाच महिने मी नवीच. बरं, नवं शिवावं, तर तिकडं लढाई चालू, इकडं कापड कंट्रोलचं, आणि त्यातून मिळालंच तर हा पौष, पौषात नवं कापड फाडत नाहीत. म्हणजे जुनं घालायचं नाही कारण मी नवी, आणि नवं घालायचं नाही कारण महिना वाईट. घरात पौष, ह्यांच्या कचेरीच्या कागदावर निजामाचा इस्फंदार महिना, आणि थंडी दोन्हीकडं तीच. लग्नात आलेली हिमरूची एक शाल होती माझी, नाही असं नाही. नवी कोरी, म्हणजे पौषात घडी मोडायची नाही. ती कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून पेटीत ठेवलेली. अख्ख्या बेगमपुऱ्यात तेवढी ऊब कुठल्या पेटीला नसेल.

आणि बाकीचे? बाकीच्यांचं काय विचारता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पूर्वी जमादार होते, त्यांचा नोकरीतला एक लोकरी कोट होता, जुना, पण लोकर म्हणजे लोकर. आत्याबाईंनी आणि जैतुनबीनं तो कोट उसवायला घेतला तेव्हा मी भाकरी थापता थापता बघत होते. गावजेवणाचा स्वयंपाक रांधावा तसं चाललं होतं. पुढचे दोन भाग मामंजींच्या बंडीला गेले. पाठ ह्यांच्या बंडीला, तिला गुंड्याही कोटाच्याच, पितळी. आत्याबाईंची जुनी बंडी होतीच, दोन्ही बाह्या त्यांनी तशाच पायांत चढवल्या, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, वरून लुगडं, कुणाला पत्ता नाही की बाई कोटाच्या बाह्यांवर चालतेय. कॉलरची कानटोपी झाली. आतल्या कापसासाठी फाटकी गादी पिंजाऱ्याकडून पिंजून आणली, तो म्हातारा कापूस असा फुलून आला की जणू आत्ताच बोंडातून निघाला. जुन्या लुगड्याचं अस्तर, त्यात तो कापूस, वर कोटाचं कापड, आणि जैतुनबीचे ते तिरपे टाके. खर्च म्हणाल तर दोऱ्याचा. शेवटी कोटाचे दोन खिसे उरले. मी म्हटलं, मनात हो, आता हे तरी. ते तवा उतरायला फडकी म्हणून गेले. तवा काही माझ्यासारखा नवा नव्हता ना.

मी काही बोलले नाही.

पण अंग गप्प बसतं होय? मी एक ठिकाणी टिकेना. पहाटे उठून दळायला बसायचं, कारण जातं ओढलं की खांद्यात ऊब येते. दळण झालं की चुलीपुढं, भाकऱ्या झाल्या तरी चुलीपुढं, "राहू द्या आत्याबाई, मी करते" म्हणत डाळ, मग पाणी तापवणं, मग पुन्हा पाणी तापवणं. ऊन अंगणात आलं की उन्हाबरोबर सरकायचं, धुणं घेऊन, निवडायचे तांदूळ घेऊन, काही नसेल तर नुसती केरसुणी घेऊन. सकाळी तुळशीपाशी, दुपारी न्हाणीच्या भिंतीला, उतरत्या उन्हाला थेट रस्त्याकडच्या ओट्यापाशी. आमचं अंगण दिवसातून सहा वेळा झाडलं जायचं. आणि ह्याचा परिणाम काय? आत्याबाई गल्लीत सांगायला लागल्या, "आमची सून बसून म्हनून ऱ्हात नाय. कामाची लई आवड." आणि आवड आहे म्हटल्यावर पहाटेची विहिरीवरची खेपही माझ्याकडंच आली. विहिरीवरची. पौषात.

मी काही बोलले नाही.

एका पहाटे काय झालं, मी दळत होते. तुम्हाला खरं सांगते, जोंधळे कधीच संपले होते, मी नुसतं जातं ओढत होते. हे तोंड धुवायला उठले, दाराशी थांबले. जात्याची घरघर रोजच्यासारखी नव्हती, दगडावर दगड घासल्यासारखी होती, तशी ती असणारच. हे जवळ आले, वाकून बघितलं, जात्याभोवती पिठाचा कण नाही. मग माझ्या हातांकडं बघितलं. माणूस मोजकं बोलतो, पण आकडे तपासायची सवय आहे, दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की लगेच ध्यानात येतं. ह्यांनी अंगातली बंडी काढली, जात्यावर ठेवली आणि निघून गेले. आमचा संसार तेव्हा असाच चालला होता, दोघंही बोलत नसू, पण मुद्दे निकालात निघत.

आता ती बंडी कुणी बघितली तर रीत मोडली म्हणून माझं एक, आणि अंगातली उतरून बायकोला दिली म्हणून ह्यांचं दुसरं. म्हणून ती चोळीवर घालायची आणि लुगड्याखाली लपवायची. खांदे झाकायला पदर होताच, नवी नवरी पदर गच्च घेते त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण हे उंच. ह्यांची बंडी मला गुडघ्यांपर्यंत. मग खालचा हातभर भाग वर दुमडायचा आणि कमरेशी लुगड्यात खोचायचा. आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी ती ऊब जी पोटाशी बसली ना, मला वाटलं आता वारं येऊ दे, डोंगर आला तरी चालेल. त्या दिवशी मी अंगण एकदाच झाडलं.

इकडं हे शिंकायला लागले. "बद्री, बंडी कुठंय तुझी?" आत्याबाई विचारायच्या. "कचेरीत राहिली." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आणली का बंडी?" "राहिली." तिसऱ्या दिवशी मामंजी ओट्यावरून म्हणाले, "का रं, कचेरीला थंडी वाजती का?" हे शिंकले आणि गेले. आत्याबाई माझ्याकडं बघून पुटपुटल्या, "पोरगं वाळत चाललंय," आणि ज्या नजरेनं बघितलं ना, त्या नजरेत ती सगळी दाराआडची चर्चा होती. मी मान खाली घातली. मान खाली घातली की पदर पुढं येतो, पदर पुढं आला की जे आत आहे ते जरा बाहेर दिसतं. आत्याबाईंची नजर तिथं गेली. तिथंच राहिली.

तुम्ही ओळखलंत ना? मी नाही ओळखलं. मला वाटलं बंडी सापडली. मी कडेवरची घागर घट्ट धरली. आणि आत्याबाई एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, ती घागर ठेव खाली. ठेव म्हनलं ना." मग बोटांवर काहीतरी मोजलं. आता ते बायकांचे दर महिन्याचे बाहेर बसायचे चार दिवस, ते ह्या खेपेला नेमके मी माहेरी गेले असताना आले आणि तिथंच सरले, इकडच्या मोजणीत ते नव्हतेच. मोजणी संपली. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. "अन् मी येडी, म्हनत होते पोरगी गुपचिप का ऱ्हाती."

मी तोंड उघडलं होतं, शपथ घेऊन सांगते. पण तोवर त्या ओट्यावर पोचल्या होत्या आणि मामंजी, जे एरवी तंबाखू थुंकण्यापुरतं तोंड उघडतात, ते भजन म्हणायला लागले होते. आता भजन म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला जाऊन काय सांगायचं, की मामंजी, ती तुमच्या कोटाची पाठ आहे?

दुपारी जैतुनबी बघायला आली. तिनं वरून बघितलं, खालून बघितलं, माझ्या अंगावरून हात फिरवायच्या निमित्तानं दोन बोटं कमरेशी दाबली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "टाका तो मेरा लगता." मी तिच्याकडं असं बघितलं की ती लगेच म्हणाली, "मैं कुछ नईं बोलती बेटी. पर ये कित्ते दिन चलेगा?" तोच तर प्रश्न होता. बंडी काय दिसामासानं वाढणार होती थोडीच.

संध्याकाळी हे आले. चेहरा असा, की कचेरीत कुणीतरी गूळ वाटला असावा. कळलं कुठून? अहो, मामंजी स्वतः चालत कचेरीत गेले होते. सगळ्या कारकुनांनी मिळून ह्यांना चहा पाजला होता. माझ्यासमोर येऊन हळूच म्हणतात, "मला आधी नाही सांगितलंस." मी डोळे मोठे केले, मान हलवली, कमरेकडं बोट केलं. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं बंडी दिली त्याला तरी कळावं की नाही? आत्याबाई चार हातांवर बसलेल्या, तोंडानं बोलायची सोय नव्हती. हे लाजले. म्हणाले, "बरं झालं मग बंडी दिली. दोघांना झाली." आणि शिंकले.

मी काही बोलले नाही. ह्या वेळी मला बोलता येईना.

आणि मग सुरू झालं कौतुक. तुम्हाला वाटेल, आता तरी सुखाचे दिवस. ऐका. "जात्याला हात लावायचा न्हाई." गेली पहाटेची ऊब. "चुलीची धग वाईट, लांब बस." गेली चूल. बस म्हणजे कुठं? खिडकीशी, चांगली हवा लागावी म्हणून, त्याच खिडकीशी जिच्यातून डोंगर घरात येतो. सगळ्या गल्लीत संक्रांतीची तयारी, घराघरात तीळ भाजल्याचा वास, बाजरीची भाकरी आणि वर लोणी. मला? "बाजरी गरम, तीळ गरम, गूळ गरम. सूनबाईला भात अन् ताक." ताक. पौषात. मी ते ताक प्यायचे आणि ते कुठून कुठं जातंय ते मला आतून कळायचं. मामंजींनी कुठून तरी नवा कापूस आणला, पांढराशुभ्र, नवा म्हणजे मला चालणारा, आणि कापड नव्हे म्हणून पौषालाही चालणारा. मी त्याच्याकडं बघतच राहिले. "बाळाच्या दुपट्याला," म्हणाले, आणि बाळ यायच्या आधी काही शिवायचं नसतं म्हणून तो फडताळात बांधून ठेवला. मी खिडकीशी बसून दिवसभर त्या गाठोड्याकडं बघायचे. आत्याबाई जैतुनबीला म्हणायच्या, "बघ कशी टक लावून बसती. आतापासूनच माया."

हे सगळं मी सोसलं असतं हो. चार दिवसांत काहीतरी मार्ग काढला असता, बंडी रोज एकेक बोट वर दुमडून. पण एका सकाळी आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या आणि त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा थरथरत होता. मी बघितलं, अंगात बंडी नाही. पायात बाह्या नाहीत. दंड उघडे, त्यावर काटा. ओठ जांभळे. माझ्या डोळ्यांत प्रश्न आला असावा. त्या हसल्या.

"कर्णपुऱ्याच्या देवीला बोललेय," म्हणाल्या. "लेकरू सुखरूप होईस्तवर उबदार काही अंगाला लावनार न्हाई. माझं काय गं, म्हातारं हाड. त्याला तरी ऊब लागू दे."

त्यांची बंडी खुंटीला टांगलेली. रिकामी, पण खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं अशी फुगायची की वाटावं आत कुणीतरी आहे. आणि त्या तिच्याकडं बघून खोकायच्या. मी दोन दिवस तो खोकला ऐकला. पहिल्यांदाच ती ह्यांची बंडी मला टोचायला लागली. कापूस टोचत नाही, मला माहितीय. टोचत होता. देवीला बोललेलं, ते कुणाच्या नावानं? खालच्या हातभर दुमडीच्या. आणि लेकरू होईस्तवर म्हणजे तरी किती दिवस? जे येणारच नाही त्याची वाट पाहत ही बाई उन्हाळ्यापर्यंत कुडकुडली असती, आणि उन्हाळ्यापर्यंत टिकली असती की नाही, कुणी सांगावं. मी रात्र रात्र, नाही, खोटं कशाला, मी दिवस दिवस तोंड उघडून मिटत होते.

तेवढ्यात आल्या द्वारकाबाई. पैठणच्या, आत्याबाईंच्या मावसबहीण, पंचक्रोशीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली. आत्याबाईंनीच निरोप धाडला होता. शुक्रवार होता, कचेरीला सुट्टी, म्हणून हे ओट्यावर मामंजींजवळ बसून शिंकत होते. जैतुनबीही आली, हातात उगीच सुई-दोरा घेऊन, तमाशा चुकू नये म्हणून. मला पाटावर बसवलं. द्वारकामावशींनी हात चोळले, लुगड्यावरूनच पोटाला लावले आणि डोळे मिटले. त्या डोळे मिटूनच बघतात म्हणे.

"मऊ लागतंय गं आवडा."

"मऊच असतं की ते," आत्याबाई म्हणाल्या आणि खोकल्या.

"सगळं एकाच अंगाला हाय."

"पोरगा असंल."

"जरा पुढं घे गं सूनबाई. हं. आवडा..." मावशींचा अंगठा थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला. "ह्याला शिवण हाय."

जैतुनबीनं दोरा दातांनी तोडला, जो तोडायची काही गरज नव्हती. ओट्यावरचं शिंकणं बंद झालं. मावशींचा हात खाली सरकला आणि कशावर तरी टिचकी बसावी तसा आवाज आला. त्यांनी डोळे उघडले. लुगड्याआड, माझ्या बेंबीपासून दोन बोटांवर, त्यांच्या चिमटीत मामंजींच्या कोटाची गुंडी होती.

आत्याबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या, उघडे दंड छातीशी धरून, आणि त्या थरथरण्यात आता थंडी किती आणि बाकीचं किती ते मला कळेना. सात महिने मी त्या घरात 'होय', 'आणते', 'झालं', 'राहू द्या, मी करते' एवढंच बोलले होते. मी पाटावरूनच हात उंचावून खुंटीवरची बंडी ओढली, त्यांच्या खांद्यावर टाकली आणि म्हटलं,

"आत्याबाई, घाला ही. आत कुणी न्हाई. अन् मावशी, ती गुंडी तेवढी सोडू नका, पोटाला लई गार लागती."